घर, गाय, पोपट आणि एडका यांचे दरपत्रक

दामोदरपंत पेन्शनीत निघाले त्या दिवशी बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातल्या त्यांच्या पोळीला, म्हणजे एकाच दरवाजाच्या गल्लीला, एक फुकटचा रखवालदार मिळाला. ही गोष्ट पोळीतल्या इतर सगळ्यांना त्याच दिवशी कळली. दामोदरपंतांना कळायला तीन वर्षं लागली.

गायकवाड सरकारच्या चाकरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि एकतीस वर्षं एकच काम केलं, दर ठरवण्याचं. फिरतीवर निघालेल्या अंमलदाराला बैलगाडी कोसाला किती, उंट किती, ओझेवाला चढावर किती आणि उतारावर किती, नर्मदा ओलांडताना घोडा होडीत बसला तर किती आणि पोहत आला तर किती, ही सारी कोष्टकं त्यांच्या हातची. अक्षर वळणदार, रेघा सरळ. "एकतीस वर्षांत एका आकड्याची खाडाखोड नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत आणि त्यांच्या पत्नी अहल्याबाई ते ऐकता ऐकता भाजी निवडून टाकत.

पण पेन्शनर माणूस घरी असतो, आणि घरी असणं हा गुन्हा लपवता येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात समोरचे विश्वासराव वकील सहकुटुंब पुण्याला निघाले. किल्ल्यांचा जुडगा आणि गाईचं दावं पंतांच्या हातात देऊन ते म्हणाले, "तुम्ही काय, घरीच असता." त्याच आठवड्यात शेजारचे लक्ष्मीकांत मास्तर आपला पोपट आणि तेच वाक्य ठेवून गेले. पोळीच्या तोंडाशी राहणारे उदयसिंहराव शिलेदार घराण्यातले. त्यांनी वाक्यसुद्धा ठेवलं नाही, नुसता एडका आणून बांधला.

किल्ल्यांच्या मागोमाग देव येत. घर बंद केलं म्हणून देवांना पारोसं आणि उपाशी ठेवता येत नाही, तेव्हा ते ताम्हनात घालून शेजारी पोचवायचे आणि परत आल्यावर घेऊन जायचे, अशी रीत. त्यामुळे वैशाखात पंतांच्या देवघरात त्यांच्या स्वतःच्या देवांना अंग चोरून बसावं लागे.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं पंतांना यात थोडी ऐटच वाटली. खात्यात हाताखाली एक कारकून, तोही अर्धवेळ. इथे दोन कुलपं, एक गाय, एक पोपट आणि एक एडका. पण अहल्याबाईंना ऐट वाटत नव्हती. त्यांची धाकटी बहीण वाईला दिलेली. तिच्या मुलाची मुंज निघाली ती नेमकी गेल्या वैशाखात, आणि वकिलांची गाय त्याच आठवड्यात व्यायची होती. मुंजीला आशीर्वाद टपालाने गेले. गाईचं बाळंतपण मात्र अहल्याबाईंनी जातीने केलं.

आता चैत्रात बहिणीचं पुन्हा पत्र आलं. मुलीचं लग्न ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ठरलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'ताई, याही खेपेला आली नाहीस तर बडोद्यात तुलाच कुलूप लावून ठेवलंय असं मी समजेन.'

अहल्याबाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून मिसळणाच्या डब्यामागे ठेवलं आणि म्हणाल्या, "मी जाणार."

"जा ना," दामोदरपंत म्हणाले. "नको कोण म्हणतंय?"

"तुम्हीही येणार. आणि आपल्या दाराला कुलूप लागणार. ते कसं लागायचं ते तुम्ही बघा. एवढ्या उंटांची सोय केलीत."

प्रश्न पैशाचा नव्हता, पेन्शन बरी होती. प्रश्न कुलपाचा होता. पोळीतल्या सगळ्यांची कुलपं लागून झाल्यावर पंतांच्या दाराला कुलूप लावायला माणूसच उरत नसे. आणि तोंडावर नाही म्हणणं पंतांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते नेहमी 'नियमात बसत नाही' म्हणत, आणि इथे नियमच नव्हता.

तीन दिवस ते विचार करत होते. चौथ्या दिवशी सुरसागराच्या काठाने फिरताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. महाराज दर दोन-तीन वर्षांनी विलायतेला जात. मागे राज्य सांभाळायला दिवाण असत. महाराज दिवाणांना 'तुम्ही काय, घरीच असता' असं कधी म्हणाले नव्हते. पगार देत होते! ज्या राज्यात पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड होता, त्या राज्यात शेजाऱ्याचं घर सांभाळण्याला दर नसावा? दर लावला की निम्मे लोक आपोआप मागे सरतील आणि उरलेले देतील त्यातून वाईचं भाडं सुटेल. पंत त्या दिवशी सुरसागराला दोन प्रदक्षिणा जास्त घालून आले.

दर वाजवी हवा, आणि वाजवी दर घरी बसून ठरत नाही, हे त्यांच्या खात्याचं पहिलं तत्त्व. ते मांडवीला जाऊन हरभऱ्याचा, कडब्याचा आणि मिरच्यांचा भाव उतरवून आले. मग जनावरांच्या देखभालीचा काही सरकारी दाखला मिळतो का हे पाहायला कमाटीबागेत गेले. तिथे वाघाच्या पिंजऱ्यापाशी एक म्हातारा राखणदार बसला होता. पंतांनी वही काढून त्याला विचारलं, वाघ सांभाळण्याचा वाजवी दर काय पडतो?

"साहेब, पगार तो नव रूपिया छे," राखणदार म्हणाला. "पण मारो पगार केटलो छे ए वाघने खबर नथी, एटले सारुं चाले छे."

पंतांनी वहीत फक्त नऊ रुपये लिहून घेतले. वाघाला पगार ठाऊक नाही म्हणून बरं चाललंय, हे दुसरं वाक्य कोष्टकात बसण्यासारखं नव्हतं.

आठ दिवसांनी दरपत्रक तयार झालं. घर नुसतं कुलपात ठेवण्याला रोज अर्धा आणा, झाडलोट असल्यास एक आणा. गाय दीड आणा, वैरण मालकाची. पोपट पाव आणा. एडका दोन आणे आणि त्याने कुणाला धडक मारल्यास भत्ता निराळा. मांजरांनाही एक रकाना होता. त्यात 'मांजर कोणीच सांभाळत नाही, सबब दर नाही' असा शेरा होता.

संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमली तेव्हा पंतांनी घसा साफ करून ते वाचलं. त्यांची अपेक्षा होती की मंडळी चिडतील, किंवा निदान ओशाळतील. मंडळी खूष झाली. बाबाजीपुऱ्यात एखादी गोष्ट कागदावर आली की तिच्यात सुधारणा सुचवणं हा सगळ्यांचा हक्क असे.

सगळ्यात आधी उदयसिंहराव उठले. मिशीला पीळ देऊन म्हणाले, "पंत, हा तो अन्याय झाला. आमच्या सर्जाला दोन आणे? अहो, आठ वर्षं टकरींच्या मैदानात उभा राहिलेला गडी आहे तो! पोपटाच्या रांगेत बसवता त्याला? चार आणे लिहा."

"चार आणे रोज द्याल?" पंतांनी आशेने विचारलं.

"द्यायची गोष्ट कोण करतंय? लिहा म्हणतोय मी."

खाडाखोड नको म्हणून नव्या कागदावर चार आणे लिहिले गेले. मग लक्ष्मीकांत मास्तर हळूच म्हणाले, की पोपट शिकलेला आहे, त्याला बेचा पाढा बे चोक आठपर्यंत येतो, तर शिकलेल्या आणि अडाणी पोपटाचा दर एकच असावा का? यावर बराच वेळ चर्चा झाली. शिकलेला पोपट जास्त त्रास देतो असं ठरून दर तोच राहिला.

विश्वासराव वकील तोवर गप्प बसून पान जमवत होते. आता त्यांनी पान गालात सारलं. "पंत, देवांचा दर वाचला नाहीत."

दामोदरपंतांनी देवांचा विचारच केला नव्हता. देवपूजेचे रोजचे पैसे घ्यायचे म्हणजे सरकारातून इतमामाने निवृत्त झालेला माणूस पोळीचा पुजारी झाला म्हणायचा!

"देवांचे कसले पैसे?" ते घाईघाईने म्हणाले. "देव विनामूल्य."

"तसं लिहा मग. 'देव आणि देवासंबंधी सर्व बाबी, विनामूल्य.' म्हणजे पुढे शंका नको."

पंतांनी तसं लिहिलं. दाराआड अहल्याबाई पुटपुटल्या, "सगळ्यात जास्त काम तर देवांचंच असतं." पण तेवढ्यात शाई वाळली होती.

अक्षय्यतृतीया झाली आणि मंडळी एकेक करून निघू लागली. कोणीही मागे सरलं नाही. उलट दर ठरलेत म्हटल्यावर सगळ्यांची भीड चेपली. विश्वासराव किल्ल्या घेऊन आले आणि ओट्यावर डकवलेल्या दरपत्रकासमोर चष्मा लावून उभे राहिले.

"गाय," ते म्हणाले, "ही गोमाता. म्हणजे देवासंबंधी बाब. विनामूल्य. घरात देवघर आहे, म्हणजे घर हे देवाचंच स्थान. तेही विनामूल्य. तरी दूध तुम्हीच वापरा, त्याचं आम्ही काही मागत नाही हो." गाय पंधरा दिवसांपूर्वीच आटली होती. हे त्यांनी सांगितलं नाही.

उदयसिंहराव सर्जाला घेऊन आले ते कपाळावर भंडारा लावूनच, सर्जाच्या. "आम्ही जेजुरीला निघालो. हा खंडोबाला सोडलेला आहे, पंत. देवाचा एडका."

"देवाचा आहे तर देवाकडेच न्या ना!"

"रेल्वेवाले तिकीट मागतात ने," उदयसिंहराव म्हणाले आणि दावं खुंट्याला बांधून निघून गेले.

लक्ष्मीकांत मास्तरांचं घर वकिलांच्याच मुद्द्यावर सुटलं. पोपटासाठीही त्यांनी धर्माचा आधार शोधून पाहिला. पण पोपट नुसता पाढे म्हणत होता, देवाचं नाव त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे साऱ्या पोळीतून दर लागू झाला तो एका पोपटाला. रोज पाव आणा.

मास्तरांच्या मागून त्यांची बायको सुनीती आपले देव घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची पोर. कार्तिकात तिची आई गेली होती आणि तेव्हापासून ती कमीच बोलायची. तिने ताम्हन अहल्याबाईंच्या हातात दिलं आणि पितळेच्या बाळकृष्णाला बोट लावून म्हणाली, "काकू, एवढा जपा. आईने लग्नात दिलेला आहे."

"माझाही आईनेच दिलेला आहे गं," अहल्याबाई म्हणाल्या. "दोघांना शेजारी शेजारी ठेवते."

वकिलांच्या सरोजिनीबाईंचाही बाळकृष्ण आला. तोही अर्थात त्यांच्या आईने दिलेला. लेक सासरी जाताना बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा बरोबर द्यायची, हे काही कुणी दरपत्रकात लिहिलेलं नाही, पण चुकवल्याचं ऐकिवात नाही.

पुढचे दिवस गडबडीत गेले. पंत पहाटे उठून सोवळं नेसत आणि आपलं धरून तीन घरच्या देवांची तीनदा पूजा करत. तीनदा गंध उगाळायचं, तीनदा अक्षता, तीनदा नैवेद्य. नऊ वाजता पूजा संपे, मग पोपटाला मिरच्या आणि गाईला वैरण. बाराव्या दिवशी त्यांच्यातला दर-कारकून जागा झाला. तीन कचेऱ्यांचं काम एका टेबलावर होत असताना तीन टेबलं कशाला? त्यांनी मोठी परात काढली, सगळ्या देवांना तीत एकत्र बसवलं आणि एकच सूक्त म्हणून एकत्र आंघोळ घातली. बेशिस्त मात्र नाही. पुसून झाल्यावर मागल्या पडवीत तीन पाट मांडून तीन घरांचे देव वेगळे ठेवले, प्रत्येक पाटाखाली नावाची चिठ्ठी. बराच वेळ वाचला म्हणून पंत समाधानाने उठले आणि परात घासूनपुसून उन्हात भिंतीला टेकवून ठेवली.

इथे चूक झाली. अंगणात सर्जा बांधलेला होता. बारा दिवस त्याच्यासमोर भिंत होती. आज भिंतीत एक एडका दिसला. तसाच धिप्पाड, तशीच वळलेली शिंगं, आणि टक लावून इकडेच बघणारा. सर्जाने एक पाऊल मागे घेतलं, तर त्यानेही घेतलं. एवढा उद्धटपणा टकरींच्या मैदानात आठ वर्षांत कुणी केला नव्हता. सर्जाने खुंटा उपटला.

परात उडाली ती तिन्ही पाटांवरून गेली. अहल्याबाई मास्तरांचं घर झाडायला गेल्या होत्या. त्या केरसुणी घेऊनच धावत आल्या. सर्जा परातीवर पाय देऊन उभा होता. दामोदरपंत सोवळ्यात चौरंगावर चढून उभे होते. आणि पोळीतल्या तीन घरांचे देव पडवीभर पसरले होते.

सर्जाला बांधून झाल्यावर दोघांनी देव गोळा केले. शाळिग्राम वकिलांचा, तो ओळखू आला. गणपती लहानमोठे होते, अन्नपूर्णांच्या पळ्या निरनिराळ्या होत्या. सगळं जागच्या जागी लागलं आणि शेवटी तीन बाळकृष्ण उरले. तिघेही रांगते, तिघांच्याही हातात लोण्याचा गोळा, तिघेही पंतांकडे बघून सारखेच हसत होते.

"यातला आपला कुठला?" पंतांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

अहल्याबाईंनी तिघांना एकेक करून हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "सुनीतीला येऊ दे," त्या म्हणाल्या. "मग बघू."

म्हणजे हिलाही ओळखू येत नाही, असं पंतांनी धरलं. त्यांना सुनीतीचं ते बोट आठवलं. पोरीने एक वस्तू जपायला सांगितली होती. बाकी घर, गाय, एडका गेले खड्ड्यात. त्या एका वस्तूत एकतीस वर्षांचा माणूस चुकला होता!

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही बाळकृष्ण रेशमी वस्त्रात गुंडाळले आणि मांडवीला चुनीलाल कंसाऱ्याचं दुकान गाठलं. भांड्यांबरोबर देवांच्या मूर्तीही तो घडवी, आणि बडोद्यातल्या निम्म्या देवघरांतलं पितळ त्याच्या दुकानातून गेलेलं. चुनीलालने तिघांना उलटंसुलटं करून पाहिलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि त्याचे डोळे भरून आले.

"पंतसाहेब, हे तो मारा बापुजीना हातचे! तिन्ही एकच साच्यातले. आता असं काम कोण करतंय?"

"एकच साचा?" पंत हताश होऊन म्हणाले.

"एकच ने! बापुजी गेले त्याला पाच वरस झाली." त्याने तिघांना तागडीत घालून पाहिलं. काटा हलला नाही. "बघा! वजनपण सारखं! वाह बापुजी!"

तागडीपुढे पंतांनी एकट्यानेच तोंड पाडलं होतं. चुनीलालने त्यांना आग्रहाने चहा पाजला आणि बापुजींच्या हातकसबाची ओळख पटवून दिल्याबद्दल आभार मानले.

बाविसाव्या दिवशी मंडळी परतली. पंतांनी रात्रभर मनात मजकूर जुळवून ठेवला होता. सुनीती आली तशी त्यांनी तिन्ही बाळकृष्ण पाटावर मांडले आणि हात जोडून सगळं सांगून टाकलं. एकत्र आंघोळ, परात, सर्जा, साचा. काही लपवलं नाही. "चूक माझी आहे, पोरी," ते म्हणाले.

सुनीती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने पाटाकडे बघितलं, मधला बाळकृष्ण चटकन उचलला आणि दोन्ही हातांत छातीशी धरला. "हा काय माझा," ती म्हणाली आणि हसली. कार्तिकानंतर तिला हसताना पंतांनी पहिल्यांदाच पाहिलं.

सरोजिनीबाईंनी उरलेल्या दोघांतला एक उचलला. "आमच्याच्या नाकाची ठेवणच निराळी आहे!" त्या ठणकावून म्हणाल्या. उरला तो अहल्याबाईंनी देवघरात नेऊन ठेवला. दामोदरपंतांच्या जिवात जीव आला. बायकांना कळतं, तागडीला कळत नाही, असं ते दिवसभर म्हणत राहिले.

संध्याकाळी ओट्यावर लक्ष्मीकांत मास्तरांनी बावीस दिवसांच्या पोपटाचे साडेपाच आणे मोजून दिले. दरपत्रकाचं एकूण उत्पन्न ते एवढंच. विश्वासराव वाजवी व्यवहाराचं कौतुक करत असताना अहल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या पुरुषांच्या बैठकीत येत नसत.

"आम्ही परवा वाईला निघतो," त्या म्हणाल्या. "दोघंही."

"वा!" विश्वासराव म्हणाले. "पण मग घर कोण..."

"यांचं दरपत्रक झालं, आता माझं ऐका. माझा दर दिवसाला दिवस. तीन वर्षांत तुमचं घर आणि गाय एकोणसत्तर दिवस सांभाळली, मास्तरांचं घर अठ्ठावन्न दिवस, आणि सर्जा किती दिवस होता ते रावसाहेबांनीच सांगावं. आम्हाला वीस दिवस हवेत. बाकीचे पुढे बघू."

विश्वासरावांनी कायद्याचा मुद्दा काढण्यासाठी पान गालात सारलं. तेवढ्यात समोरच्या घरातून सरोजिनीबाईंचा आवाज आला, "हो म्हणा!" वकील हो म्हणाले.

अशा रीतीने तीन वर्षांनी दामोदरपंतांच्या दाराला कुलूप लागलं. देव सुनीतीकडे गेले. गाडी सुरतेच्या पुढे गेल्यावर पंतांनी दशम्यांचा डबा उघडला आणि म्हणाले, "काही म्हण, तो बाळकृष्णांचा घोळ देवानेच निस्तरला. पोरीने कसा बरोबर ओळखला!"

अहल्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तिने नेला तो माझा," त्या म्हणाल्या.

पंतांच्या हातातली दशमी हातातच राहिली.

"लग्न होऊन आले तेव्हा अकरा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दगडावर पडला. डाव्या गुडघ्याला बारीक पोचा आहे. सासूबाई रागावतील म्हणून चाळीस वर्षं कुणाला बोलले नाही. हात लागला की कळतं."

"म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"माझा कळला म्हणून उरलेले दोन कुणाचे ते कुठे कळत होतं? म्हटलं, पोरीला आधी उचलू दे. तिने माझाच उचलला." अहल्याबाई पंतांकडे वळल्या. "तुम्ही तिचा चेहरा बघितलात ना? मग मी काय बोलणार होते?"

चाळीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला तिने एवढी वस्तू सोडून दिली आणि वर दशम्या करून बरोबर घेतल्या होत्या. त्यांनी चटणीची पुडी सोडून तिच्यापुढे सरकवली.

वाईचं लग्न थाटात झालं. बहिणी-बहिणी मांडवात गळ्यात पडून रडल्या आणि मग चार दिवस हसत राहिल्या. पंतांनी घाटावर बसून वऱ्हाडी गाड्यांचे दर किती अवाच्या सवा आहेत हे व्याह्यांना समजावून सांगितलं. अहल्याबाईंच्या तोंडून बाळकृष्णाचं नाव पुन्हा निघालं नाही. पंत मात्र रोज सकाळी पूजेच्या वेळेला अस्वस्थ होत.

विसाव्या दिवशी परत आले, तर ओट्यावर सर्जा बांधलेला.

"घर सर्जाने राखलं," उदयसिंहराव अभिमानाने म्हणाले. "पोळीत परका माणूस शिरला नाही. टपालवाला दोनदा परत गेला. तुमच्या दराने चार आणे रोज, वीस दिवसांचे रुपये पाच. तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे, पंत."

दामोदरपंतांनी दरपत्रक नीट वाचलं. चार आणे होते खरे. ते आत गेले, गुळाची एक मोठी ढेप आणली आणि सर्जापुढे ठेवली. सर्जाने हिशेब मान्य केला. उदयसिंहरावांनीही मग लिहिण्यापुरताच मुद्दा होता म्हणून हसत हात जोडले.

तेवढ्यात सुनीती देवांचं ताम्हन घेऊन आली. देव लख्ख घासलेले, गंध ताजं. "काकू, नीट बघून घ्या," ती म्हणाली.

अहल्याबाईंनी बाळकृष्ण हातात घेतला. सवयीने त्यांचा अंगठा डाव्या गुडघ्यावरच्या पोच्यावर गेला आणि तिथेच थांबला. पंत बाजूलाच उभे होते. त्यांनी तो अंगठा थांबलेला पाहिला. सुनीती खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"नीट आहेत ना, काकू?"

"नीट आहेत गं," अहल्याबाई म्हणाल्या. "आणि तुझे?"

"माझेही नीट आहेत आता. वीस दिवस दोघांना शेजारी शेजारी ठेवलं होतं."

अहल्याबाईंनी तिच्या हातावर वाईचा पेढा ठेवला, मग तिला आत नेऊन लग्नाच्या साड्यांच्या गोष्टी सांगत बसल्या. दोघींपैकी कोणीही त्याविषयी एक शब्द बोललं नाही, तेव्हा दामोदरपंतही बोलले नाहीत.

ते दरपत्रकापुढे जाऊन उभे राहिले. दौत-टाक घेतला आणि 'देव' या शब्दापुढचा 'विनामूल्य' हा शब्द एका रेघेने खोडला. त्याच्या जागी काय लिहावं याचा त्यांनी बराच वेळ विचार केला, कोस आठवले, उंट आठवले, कमाटीबागेतला राखणदार आठवला. शेवटी त्यांनी टाक पुसून ठेवला. एकतीस वर्षं चाकरी आणि तीन वर्षं पेन्शन, एवढ्यात त्यांच्या हातून झालेली ही पहिली खाडाखोड.